आधी बैठक, मग मसुदा

२००३ च्या वीज कायद्यात मोठी दुरुस्ती करण्याचा केंद्र सरकारचा प्रयत्न आता चांगलाच जुना झाला आहे. २०१४ च्या डिसेंबरात एक विधेयक लोकसभेत आले आणि त्या लोकसभेबरोबरच संपले. २०२० च्या एप्रिलमध्ये, सारा देश टाळेबंदीत घरी बसलेला असताना, दुसरा मसुदा निघाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक विधेयक मांडले गेले, त्याच दिवशी स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित होताच रद्द झाले. २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा नवा मसुदा आला आणि त्यावरील सूचना पाठविण्यास जनतेला तीस दिवस मिळाले. इतक्या वेळा पडूनही जी गोष्ट पुन्हा उभी करावी लागते, तिच्या पायातच काही दोष आहे, असे आम्हांस वाटते. तो दोष कलमांत कमी आणि कलमे लिहिण्यापूर्वी कोणास विचारले यात अधिक आहे.

दिल्लीच्या वेशीवर २०२० च्या हिवाळ्यात जे शेतकरी येऊन बसले, त्यांच्या मागण्यांत तीन कृषी कायद्यांच्या जोडीला हे वीज विधेयकही होते, हे शहरी वाचकांस बहुधा आठवत नसेल. ९ डिसेंबर २०२१ च्या पत्रात सरकारने त्यांना आश्वासन दिले की, संबंधितांशी चर्चा झाल्यावाचून ते विधेयक संसदेत आणले जाणार नाही. पुढे आठ महिन्यांनी विधेयक आले, तेव्हा वाद विधेयकातील तरतुदींवर जितका झाला, तितकाच 'चर्चा' या शब्दाच्या अर्थावर झाला. सरकार म्हणे, झाली; शेतकरी संघटना आणि वीज कर्मचारी म्हणत, कोठे आणि कोणाशी? चर्चा झाली की नाही याविषयीच जेथे एकमत नाही, तेथे तिच्यातून काय निष्पन्न झाले हे विचारणेच व्यर्थ.

खरी अडचण अशी की, या भांडणात कोणाचीही बाजू खोटी नाही. कारखानदार म्हणतो, मला वीज खर्चाहून अधिक दराने घ्यावी लागते आणि शेजारच्या राज्यातील माझा प्रतिस्पर्धी स्वस्तात माल काढतो. हे खरे आहे. शेतकऱ्याचा दर खर्चाहून कमी ठेवण्यासाठी उद्योगावर आणि व्यापारावर जादा दर लावावयाचा, यालाच अनुदानाची अंतर्गत फिरवाफिरव म्हणतात. शेतकरी म्हणतो, ती वीज मला मिळते केव्हा? पाळी रात्रीची. उसाच्या सरीत पाणी वळवावयास अंधारात जावयाचे, हाती बॅटरी, पायाखाली साप आणि जुन्नरकडे असेल तर बांधापलीकडे बिबट्या. हेही खरे आहे. वीज कंपनीचा कर्मचारी म्हणतो, एकाच भागात अनेक कंपन्यांस परवाने दिलेत, तर नव्या कंपन्या मोठी गिऱ्हाईके उचलतील आणि शेतीपंप व झोपड्या सरकारी कंपनीच्या गळ्यात राहतील. त्याचे हे भय निराधार आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. आणि ज्या पंपांना मीटरच नाहीत, त्यांनी किती वीज घेतली हे अंदाजाने ठरते. त्या अंदाजात चोरी आणि गळती किती लपते, हा प्रश्न मुंबईतील ग्राहक विचारतो, तोही योग्यच आहे.

या यादीत एक नाव नेहमी गळते. ज्यांच्या जमिनीवर, ज्यांच्या हवेत ही वीज तयार होते, त्यांचे. १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांस जलविद्युत मिळू लागली आणि तिचे कौतुक शहराने यथायोग्य केले. पण पुढच्याच टप्प्यात, १९२१ पासून, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो त्याच विजेसाठी बुडणाऱ्या आपल्या भातखाचरांकरिता. शंभर वर्षे लोटली. आज चंद्रपुरास २९२० मेगावॉट क्षमतेचे केंद्र आहे आणि तेथील माणूस राख श्वासावाटे घेतो. कोळसा, पाणी आणि जमीन ज्याची, त्याला वीजधोरणाच्या चर्चेत खुर्ची नाही. त्याला फार तर पर्यावरणाच्या सुनावणीत उभे राहावयास मिळते, आणि तेही केंद्र कोठे व्हावे हे ठरून गेल्यावर.

आम्ही मुंबईकर या प्रकरणात तटस्थ पंच आहोत, असा आव आणणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्हीही एक हितसंबंधी आहोत, आणि बऱ्यापैकी लाडावलेले. या शतकाच्या पहिल्या दशकात उर्वरित महाराष्ट्र तासन् तास भारनियमन सोशीत होता, तेव्हा मुंबईचे दिवे जळतच होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि ती राष्ट्रीय वार्ता झाली. विदर्भातील एखाद्या तालुक्यात त्या काळी तितकेच तास रोज जात; त्याची बातमी होत नसे.

एकाच बाजूचे लोक बंद खोलीत बसले म्हणजे काय होते, याचा धडा महाराष्ट्राने भरपूर फी भरून घेतलेला आहे. दाभोळचा वीजखरेदी करार १९९३ च्या डिसेंबरात झाला, तो एका बाजूस एन्रॉनची कंपनी आणि दुसऱ्या बाजूस राज्य वीज मंडळ व सरकार यांच्यात. करार गुप्त होता. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारले होते, तरी सही झाली. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने तो रद्द केला, नंतर पुन्हा वाटाघाटी करून पुढे चालविला, आणि २००१ च्या मे महिन्यात मंडळाला ती वीज घेणेच बंद करावे लागले. माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ साली जे प्रश्न जाहीरपणे मांडले, ते १९९३ साली कोणी मंडळाचा हिशेबनीस, कोणी ग्राहक संघटना, कोणी अर्थशास्त्राचा प्राध्यापक विचारू शकला नसता असे नाही. त्यांना खोलीत घेतले नव्हते, इतकेच.

यावर उपाय नवा शोधावयास नको. १९४३ च्या ऑक्टोबरात, व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खात्याचे सभासद या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी युद्धोत्तर वीजविकासाचा विचार करण्यासाठी भरलेल्या धोरण समितीचे अध्यक्षपद भूषविले, तेव्हा वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी हा प्रश्न त्यांनी आधी चर्चेस ठेवला. १९४८ चा वीजपुरवठा कायदा त्यानंतरचा. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. २००३ च्या कायद्याच्या ८० व्या कलमात केंद्रीय सल्लागार समितीची तरतूद आहे आणि ८७ व्यात राज्याच्या. व्यापार, उद्योग, वाहतूक, शेती, कामगार, ग्राहक, स्वयंसेवी संस्था, संशोधक अशा सर्वांचे प्रतिनिधी तिच्यात असावेत, असे कायदाच म्हणतो. म्हणजे मेज मांडलेले आहे. पण ही समिती सल्ला देते नियामक आयोगाला. कायदा बदलू पाहणाऱ्या मंत्रालयाने तिच्यापाशी आधी जावे, असे बंधन नाही.

दरवाढीवरील आमच्या राज्य आयोगाच्या जाहीर सुनावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की सामान्य माणूस या क्लिष्ट विषयात अडाणी मुळीच नसतो. यंत्रमागवाला वहीतले आकडे वाचून दाखवितो. निवृत्त अभियंता गळतीच्या तक्त्यातील चूक काढतो. एखादा शेतकरी, विहीर कोरडी असलेल्या महिन्याचेही बिल कसे आले, असे विचारतो आणि सभागृह हसते, पण कंपनीच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. हीच पद्धत एक पायरी वर, धोरणाच्या पातळीवर का नेऊ नये? राजधानीतील पंचतारांकित हॉटेलांत ऊर्जेवर परिषदा होतातच. तेथे शेतकरीही असतो, पण चित्रफितीत.

वीज समवर्ती सूचीतील विषय आहे. तेव्हा केंद्र एकट्याने बोलणार आणि राज्ये एकेकटी ओरडणार, हा प्रकार थांबला पाहिजे. वस्तू व सेवा करासाठी राज्यघटनेत २७९-अ हे कलम घालून परिषद निर्माण करता आली, मग विजेसाठी तशी बैठक अशक्य का मानावी? मात्र त्या परिषदेत फक्त सरकारे बसतात. येथे शेतकरी, कामगार, उद्योजक, ग्राहक आणि प्रकल्पग्रस्त यांसही बसवावे लागेल, आणि त्यांच्यासमोर राज्यांच्या अर्थमंत्र्यांना. कारण मोफत विजेची घोषणा करणारा मंत्री एक आणि तिचे पैसे कंपनीस वेळेवर न देणारे खाते दुसरे, ही या देशाची जुनी रीत आहे.

मसुदा त्या त्या राज्याच्या भाषेत निघावा. इंग्रजी कलमे वाचून तीस दिवसांत उत्तर द्या, असे सोलापूरच्या द्राक्षबागाईतदारास सांगणे म्हणजे त्याने उत्तर देऊ नये अशी व्यवस्था करणे होय. कामकाजाचा वृत्तांत छापावा. कोणाची कोणती सूचना का नाकारली, याची कारणे नमूद व्हावीत. शिवाय आकडे आधी, मते नंतर: पंपांचा खरा वापर किती, कोणत्या गटाला पुरवठ्याचा खर्च किती, याचा हिशेब सर्वांनी मान्य केल्याखेरीज दराचा विषय काढू नये. अशा बैठकीस वेळ लागेल, हे आम्हांस मान्य आहे. पण २०१४ पासून गेलेला काळ काही वाचविलेला काळ नव्हे.

४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील वीज कर्मचारी समांतर परवान्याविरुद्ध तीन दिवसांच्या संपावर गेले, राज्याच्या कित्येक भागांत अंधार झाला आणि त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन संप मिटला. ती बोलणी सुरू होण्यास दिवे जावे लागले. पुढील बैठक दिवे असतानाच व्हावी. ती विज्ञान भवनाच्या वातानुकूलित दालनात न भरविता पहिली मे महिन्यात चंद्रपुरास आणि दुसरी पौषातल्या रात्री, वीज येण्याच्या पाळीला, एखाद्या पंपाच्या खोलीजवळ भरवावी, असे आम्ही सुचवितो. तारखा कळविल्यास आमचा प्रतिनिधी दोन्ही ठिकाणी हजर राहील.