कोड टाइप न करता अ‍ॅप: आजीसाठी चार बटणं
नागपुरात राहणाऱ्या माझ्या आजीला कॉन्टॅक्ट लिस्ट वाचता येत नाही. तिच्यासाठी मी एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटरमध्ये चार फोटोंची बटणं बनवली. फोटो दाबला की त्या माणसाला फोन लागतो. २०१० मध्ये गूगलनं आणलेलं हे मोफत साधन आता एमआयटी चालवते. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये रंगीत ठोकळे जोडायचे आणि अ‍ॅप फोनवर तपासायचं.

खरी गंमत ‘प्रोसीजर’ ठोकळ्यात आहे. फोन थरथरवणं, नंबर भरणं, कॉल लावणं ही तिन्ही कामं मी एकात बांधली आणि नाव दिलं ‘फोन लाव’. प्रत्येक बटण त्याला फक्त नंबर देतं. उद्या थरथर नको वाटली, तर बदल एकाच जागी. यालाच अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणतात. तुम्हीही आधी कामाला नाव द्या, मग ठोकळे जोडा.