आजारी भावाला भेटायला जाताना



मागच्या महिन्यात पाटसच्या एका गटाच्या बैठकीत एक ताई गप्प बसून होत्या. बचत भरली, सही केली, पण काही बोलेनात. नंतर कळलं, त्यांच्या धाकट्या भावाला टीबी झालाय. तो रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला, शिरूरला खोली घेऊन राहतो. औषध सुरू होऊन तीन महिने झाले, पण बहीण भेटायला गेली नव्हती. घरचे म्हणायचे, "आजार घेऊन येशील, घरात लहान पोरं आहेत." ताई मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही संगं येता का?" आम्ही दोघी गेलो.

चौफुल्याला गाडी बदलली, पुढं पारगाव, न्हावरा करत शिरूर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्च फार झाला नाही. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी आणि मोडाची मटकी होती.

वाटेत ताईंनी मनातली भीती विचारली. टीबी हवेतून पसरतो, रुग्ण खोकला-शिंकला की. ताट-वाटी, कपडे, हात लावणं यातून पसरत नाही. नियमित औषध सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. खोलीचं दार-खिडकी उघडी ठेवायची, रुग्णानं तोंडाला रुमाल किंवा मास्क लावायचा. एवढं केलं तर भेटायला जाता येतं.

भाऊ दिसायला बरा होता. पण ताईंनी गोळ्यांचं पाकीट मागितलं, तर आठ दिवसांच्या गोळ्या तशाच! म्हणाला, "खोकला गेला. गोळीनं मळमळतं, ड्युटी होत नाही. म्हणून बंद केल्या."

इथंच खरा धोका आहे. साध्या टीबीचं औषध सहा महिन्यांचं असतं: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. बरं वाटलं तरी अंगात जंतू उरलेले असतात. मध्येच सोडलं तर ते पुन्हा वाढतात, आणि त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार लांबतो, जास्त त्रासाचा होतो.

त्याच दिवशी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मधे खंड पडला असेल तर आपल्या मनानं गोळ्या सुरू करायच्या नाहीत, आधी सांगायचं. डॉक्टरांनी तपासलं, मळमळीवर उपाय दिला, औषध पुन्हा सुरू केलं. खोलीतल्या सोबत्यांनाही तपासणीला बोलावलं.

तुमच्याही माहेरी असा रुग्ण असेल तर भेटायला गेल्यावर हे बघा:

- गोळ्यांचं पाकीट मागा. रिकाम्या जागा मोजा.
- लघवी केशरी होत असेल तर घाबरू नका, ते औषधामुळं होतं. पण डोळे पिवळे झाले किंवा सारख्या उलट्या झाल्या तर लगेच दवाखाना.
- दारू पितो का, स्पष्ट विचारा. या औषधांसोबत दारूनं लिव्हरला धोका होतो.
- नि-क्षय पोषण योजनेचे पैसे खात्यावर येतात का बघा. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला ५०० चे १००० रुपये झालेत. येत नसतील तर आशाताईला खातं आणि आधार दाखवा.
- शंका असेल तर १८००-११-६६६६ या मोफत नंबरवर विचारा.

आपला गटही 'नि-क्षय मित्र' होऊन एखाद्या रुग्णाला डाळ, शेंगदाणे, तेल असा आहार देऊ शकतो. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. रुग्णाचं नाव मात्र त्याच्या परवानगीशिवाय गावात करू नका.

येताना ताई गाडीत म्हणाल्या, "लाडू द्यायला गेले होते, बरं झालं पाकीट बघितलं." आता रोज रात्री त्यांचा भावाला फोन असतो. पहिला प्रश्न एकच: "जेवलास का, अन् गोळी घेतली का?"