शत्रूचा शत्रू आणि त्रिकोणाचे गणित

शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, हे तुम्ही अनेकदा ऐकले असेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले राजमंडळही याच पायावर उभे आहे: सीमेला लागून असलेला राजा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र. आता मैत्रीसाठी अधिक आणि शत्रुत्वासाठी उणे हे चिन्ह वापरून पाहा. उणे गुणिले उणे बरोबर अधिक! बीजगणिताच्या पहिल्या धड्यांत शिकलेला हा नियम राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांना कितपत लागू पडतो, ते आपण पाहू.

कागदावर काही बिंदू काढा. प्रत्येक बिंदू म्हणजे एक राष्ट्र. दर दोन बिंदू रेषेने जोडा आणि त्या रेषेवर अधिक किंवा उणे लिहा. गणितात अशा आकृतीला आलेख म्हणतात. (आलेखकागदावर आपण काढतो तो आलेख निराळा, नावावरून गोंधळू नका.) आता या आकृतीतला कोणताही त्रिकोण घेऊन त्याच्या तीन बाजूंच्या चिन्हांचा गुणाकार करा. तो अधिक आला तर त्रिकोण संतुलित, उणे आला तर असंतुलित. माझ्या दोन मित्रांचे आपसांत वैर असेल तर एकच उणे येते आणि गुणाकार उणे होतो. अशा वेळी माझी किती ओढाताण होते, हे सांगायला नकोच. तिघेही एकमेकांचे शत्रू असतील तरी गुणाकार उणेच. कारण त्यांतल्या कोणत्याही दोघांना तिसऱ्याविरुद्ध एकत्र येण्याचा मोह होतो. माणसांच्या बाबतीत ही कल्पना फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडली.

सगळेच त्रिकोण संतुलित झाले तर काय होईल? फ्रँक हरारी या गणितज्ञाने १९५३ मध्ये याचे उत्तर दिले. त्याची सिद्धता इतकी सोपी आहे की, ती तुम्हीही लिहू शकाल. 'अ' हे एक राष्ट्र घ्या. त्याचे सारे मित्र त्याच्या बाजूला ठेवा आणि सारे शत्रू समोर. 'अ'चे कोणतेही दोन मित्र आपसांत मित्रच असले पाहिजेत, नाहीतर त्यांचा 'अ'बरोबरचा त्रिकोण बिघडेल. दोन शत्रूंनाही आपसांत मित्रच असावे लागेल. मित्र आणि शत्रू यांच्यात मात्र उणेच हवे. म्हणजे जगाचे सरळ दोन तट पडतात, नाहीतर सगळेच एकमेकांचे मित्र होतात. तिसरी शक्यता नाही!

आता इतिहासाचे पुस्तक उघडा. ब्रिटन, फ्रान्स, रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली ही सहा राष्ट्रे घेतली, तर १५ रेषा आणि २० त्रिकोण होतात. १८७३ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व रशिया या तीन सम्राटांचा संघ झाला. पण बाल्कन प्रदेशावरून ऑस्ट्रिया आणि रशिया यांचे पटत नव्हते. दोन अधिक, एक उणे. हा वाकडा त्रिकोण बिस्मार्कने नाना करार करून वर्षानुवर्षे सांभाळला. १८९० मध्ये तो पायउतार झाला, जर्मनीने रशियाबरोबरच्या गुप्त कराराला मुदतवाढ दिली नाही आणि लवकरच तिथे दुसरे उणे आले. जर्मनी फ्रान्सचा शत्रू तर १८७१ पासूनच होता. मग १८९४ पर्यंत काय घडले असेल, ते तुम्ही गुणाकार करून सांगू शकाल: राजाला हाकलणारे फ्रेंच प्रजासत्ताक आणि एकसत्ताक झार यांची मैत्री!

ब्रिटनचे फ्रान्सशी आफ्रिकेतील वसाहतींवरून आणि रशियाशी मध्य आशियावरून वाकडे होते. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीची ब्रिटिशांना जी धास्ती वाटे, ती याच उण्यामुळे. १९०४ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी समेट केला. पण फ्रान्स रशियाचा मित्र, म्हणजे पुन्हा एक वाकडा त्रिकोण! तीनच वर्षांत, १९०७ मध्ये, ब्रिटन आणि रशिया यांनी इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांबाबतचे तंटे मिटवले. इकडे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली १८८२ पासून एकत्र होते. निदान करारांच्या कागदांवर तरी आता २० पैकी २० त्रिकोण संतुलित झाले. सात वर्षांनी, १९१४ मध्ये, महायुद्ध पेटले.

येथे 'संतुलित' या शब्दाने फसू नका. टेबलावरून घरंगळून जमिनीवर पडलेला चेंडूही समतोलातच असतो. ओढाताण संपली एवढाच त्याचा अर्थ. शांतता आली असा नव्हे. माझ्या मते बिस्मार्कचे ते वाकडे त्रिकोणच अधिक सुरक्षित होते, कारण दोघांचा समान मित्र निदान मध्यस्थी तरी करू शकतो.

पदार्थविज्ञानाला हा हिशेब अनोळखी नाही. काही मिश्रधातूंत शेजारच्या अणूंची चुंबकीय टोके एका दिशेला असावीत की उलट, हे त्यांच्यातील अंतरावर ठरते. चिन्हांचा गुणाकार उणे आला की, सगळ्या अणूंचे समाधान एकाच वेळी होत नाही. १९७७ मध्ये जेरार तुलूझ याने या स्थितीला 'वैफल्य' असे नाव दिले. २००६ मध्ये अंतल, क्रापिव्हस्की व रेडनर या पदार्थवैज्ञानिकांनी संतुलनाचे हेच गणित मांडताना युरोपचे वरील उदाहरण दिले.

मात्र अणू करार मोडत नाहीत, राष्ट्रे मोडतात. इटलीने जर्मनीच्या गोटात असतानाच १९०२ मध्ये फ्रान्सला तटस्थतेचे गुप्त वचन दिले होते. १९१४ मध्ये ती तटस्थ राहिली. मे १९१५ मध्ये तिने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले, पण जर्मनीविरुद्ध पुकारले ते ऑगस्ट १९१६ मध्ये. मधल्या १५ महिन्यांतला इटली, जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा त्रिकोण वहीत काढा आणि इटली-जर्मनी या रेषेवर कोणते चिन्ह लिहाल, यावर वर्गात वाद घाला.