औषधालयाचे बोधचिन्ह : कल्पना, संगणक आणि कायदा

पुडीवरील अक्षरे ज्यास वाचता येत नाहीत, तो रुग्णही तिच्यावरील चिन्ह ओळखतो आणि तीच पुडी पुन्हा मागतो. म्हणूनच दोन औषधालयांची चिन्हे सारखी असणे ही केवळ व्यापारातील गैरसोय नव्हे. त्यातून भलतेच औषध रुग्णाच्या हाती पडू शकते. आपले बोधचिन्ह संगणकावर स्वतः तयार करू इच्छिणाऱ्या वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी हे प्रथम ध्यानात घ्यावे.

कळंबमध्ये पहिली कल्पना सुचेल ती श्रीचिंतामणीची. विदर्भातील अष्टविनायकांत गणले जाणारे हे दैवत साऱ्या गावाचे आहे. पण जे सर्वांचे, ते एका दुकानाची वेगळी ओळख कशी ठरणार? धर्मग्रंथाच्या केवळ नावावर व्यापारचिन्ह म्हणून कोणा एकास हक्क सांगता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 'रामायण' या नावाच्या प्रकरणात २०१५ साली दिला. शिवाय रिकामी पुडी रस्त्यावर पडते, त्यावरील देवतेचे चित्र पायदळी येते. कळंब हे कदंबाचेही नाव आहे. त्याचे चेंडूसारखे गोल पुष्प व त्यात आपल्या नावाचे आद्याक्षर अशी सोपी रचना आम्हांस अधिक योग्य वाटते. पांढऱ्या भूमीवरील लाल क्रॉस मात्र टाळावा. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० अन्वये शासनाच्या परवानगीवाचून तो वापरता येत नाही.

रेखाटन आधी कागदावर काळ्या शाईने करावे व मग स्कॅन करावे. फोटोशॉप किंवा विनामूल्य मिळणाऱ्या गिम्पमध्ये डाग पुसणे, रेषा स्वच्छ करणे सुलभ होते. परंतु ही चित्रे बिंदूंची बनलेली असतात. पुडीसाठी केलेले लहान चित्र फलकाएवढे मोठे केल्यास कडा फाटतात. यासाठी शेवटची आकृती कोरलड्रॉ अथवा विनामूल्य इंकस्केपमध्ये रेषारूपात उतरवून घ्यावी. ती कितीही मोठी केली तरी बिघडत नाही. बिंदूंचेच चित्र द्यावयाचे असल्यास प्रत्यक्ष छपाईच्या आकारात ते ३०० डीपीआयचे असावे. पडद्यावरचे रंग आरजीबी, तर छापखान्याचे सीएमवायके असतात. त्यामुळे पडद्यावर तेजस्वी दिसणारा हिरवा रंग कागदावर मंद उतरतो. नमुना छापून पाहिल्याविना रंग ठरवू नये.

देवनागरी अक्षरांची काळजी विशेष घ्यावी. छापखान्याच्या संगणकात तोच फॉन्ट नसल्यास जोडाक्षरे तुटतात. म्हणून फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करावे. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा 'मुक्त' हा खुल्या परवान्याचा फॉन्ट व्यवसायासाठीही विनाशुल्क वापरता येतो. इंटरनेटवरील कोणाचेही चित्र उचलून आपल्या चिन्हात घालू नये. त्यावर दुसऱ्याचा हक्क असू शकतो.

चिन्ह झाल्यावर ते एक सेंटिमीटर रुंदीत, एकाच काळ्या रंगात छापावे. रबरी शिक्क्यावर व चूर्णाच्या पुडीवर ते स्पष्ट ओळखता आले पाहिजे. निर्मात्यांनी आणखी एक पाहावे : घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख व परवाना क्रमांक यांची जागा चिन्हाने व्यापू नये.

शेवटी नोंदणी. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार औषधांसाठी वर्ग ५, तर चिकित्सासेवेसाठी वर्ग ४४ आहे. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती व लघुउद्योग यांस ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये पडते. नोंदणी दहा वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. अर्जापूर्वी निबंधकांच्या संकेतस्थळावर मिळतीजुळती चिन्हे अवश्य शोधावीत. नोंदणी होण्याआधी वर्तुळातील 'आर' हे अक्षर लावणे हा अपराध आहे.

संगणकाने रेषा नीट होतात. वेगळेपण मात्र आपणांसच शोधावे लागते. रुग्ण ज्या चिन्हावर विसंबून औषध घेतो, त्यासाठी तेवढे श्रम आपण घ्यावेत, हीच विनंती.