मुलगी झाली हो!

महाराष्ट्रात पूर्वी बाळ जन्मले की लोक विचारत, “पेढे की बर्फी?” पेढे म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. मुलगी झाली तर ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ असे म्हणून आईची समजूत घालत. पण आनंदाच्या बातमीला समजूत कशाला?

हा प्रश्न ज्योती म्हापसेकर यांनी हसत हसत विचारला. त्या मुंबईत ग्रंथपाल होत्या. १९७५ साली सुरू झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेच्या त्या एक संस्थापक. १९८३ साली त्यांनी ‘मुलगी झाली हो’ हे नाटक लिहिले. भारी नेपथ्य नाही, नावाजलेले नट नाहीत. संघटनेच्या कार्यकर्त्याच गात, नाचत आणि मुलीच्या वाट्याला जन्मापासून काय येते ते दाखवत. त्याचे शेकडो प्रयोग झाले.

विनोदच का? भाषणात दोष दाखवले की माणूस उठून जातो. नाटकात आपलेच काका, आपलीच आजी दिसली की तो आधी हसतो आणि मग घरी जाताना विचार करतो.

पुढे त्यांनी हुंड्यावर, वडिलांच्या जबाबदारीवरही नाटके लिहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी मोठे काम उभे केले. २०१६ साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर पेढे आणि बर्फी एकाच दुकानात मिळतात. तरीही आजीला फोन करून विचारा, “आई जन्मली तेव्हा काय वाटले होते?” पालकांनो, तुम्हीही उत्तर ऐका.