विश्लेषण : प्लॅन १०० एमबीपीएसचा, मग घरात वायफाय का रखडते?

फायबर थेट घरापर्यंत आली, प्लॅन स्वस्त झाले, तरी आतल्या खोलीत व्हिडीओ अडकतो, ऑनलाइन परीक्षेच्या ऐन वेळी संपर्क तुटतो, अशा तक्रारी थांबलेल्या नाहीत. ग्राहकाने फोन केला की इंटरनेट कंपनी राउटरकडे बोट दाखवते. राउटर विकणारा दुकानदार ‘लाइनच खराब असेल’ म्हणतो. या टोलवाटोलवीत महिन्याचे भाडे भरूनही सेवा मिळत नाही, किंवा गरज नसताना नवा राउटर घेतला जातो. दोष नेमका कुठे आहे, हे ग्राहकाला घरच्या घरी कसे ओळखता येईल आणि त्यानंतर दाद कुठे मागायची, याचा आढावा...

दोष लाइनचा की वायफायचा?

घरातल्या इंटरनेटचे दोन टप्पे असतात. पहिला, कंपनीकडून राउटरपर्यंत तारेतून किंवा फायबरमधून येणारी लाइन. दुसरा, राउटरपासून फोन किंवा लॅपटॉपपर्यंतचा हवेतला प्रवास, म्हणजे वायफाय. प्लॅनमधला वेग पहिल्या टप्प्याचा असतो. ग्राहकाला अनुभव येतो तो दोन्हींचा मिळून. म्हणून वेग तीन ठिकाणी मोजावा. आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून, मग राउटरच्या शेजारी बसून वायफायवर आणि शेवटी जिथे त्रास होतो त्या खोलीत. केबलवरच वेग कमी असेल तर दोष बहुधा लाइनचा. केबलवर पूर्ण आणि खोलीत निम्माही नसेल, तर कंपनी बदलूनही उपयोग नाही. लॅन केबलची सोय नसेल तर राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर घेतलेली चाचणी बरीचशी कल्पना देते. फायबर जोडणीच्या राउटरवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाही असा त्याचा अर्थ. तेव्हा राउटर बंद-चालू करत बसण्यापेक्षा थेट तक्रार नोंदवावी.

वेगाचे आकडे मोजताना एक गफलत हमखास होते. एमबीपीएसमधले ‘बी’ म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल डाउनलोड होताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसतात. ती फसवणूक नव्हे, एककांचा फरक आहे.

खोक्यावरचा ‘१२००’ हा आकडा काय सांगतो?

बाजारात ‘एसी १२००’ नावाने मिळणाऱ्या राउटरमध्ये हा आकडा बेरजेतून आलेला असतो. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस, अशी दोन पट्ट्यांची कमाल क्षमता मिळवून तो गोल केला जातो. फोन मात्र एका वेळी साधारण एकाच पट्ट्यावर असतो. शिवाय हा वेग कागदोपत्री जोडणीचा आहे. वायफायवर संदेशांची पोच, वाट पाहणे, पुन्हा पाठवणे यात बराच वेळ जातो आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागते.

२.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० एमबीपीएसही दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा मार्ग गृहीत धरून सांगितलेले असतात. गर्दीच्या इमारतीत राउटर बहुतेकदा २० मेगाहर्ट्झवर उतरतो. अशा वेळी एकच अँटेना असलेल्या, ‘वायफाय ४’ पिढीच्या जुन्या फोनची कागदोपत्री कमाल ७२ एमबीपीएस होते. म्हणजे प्लॅन २०० एमबीपीएसचा घेतला तरी त्या फोनवर, त्या पट्ट्यावर १०० कधीच दिसणार नाहीत.

आणखी एक मेख मागच्या बाजूला असते. अनेक स्वस्त राउटरचे लॅन आणि वॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. त्यावर ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणे म्हणजे मोठ्या टाकीला बारीक तोटी लावणे. १०० एमबीपीएसपेक्षा मोठा प्लॅन असेल तर खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द आधी पाहावेत, अँटेनांची संख्या नंतर मोजावी.

रात्रीच्या वेळीच त्रास का वाढतो?

याची दोन कारणे आहेत. एक लाइनचे. परिसरातले सगळे ग्राहक एकाच वेळी मालिका, सामने पाहू लागले की कंपनीच्या सामायिक क्षमतेवर ताण येतो. हे केबल जोडून रात्री आणि पहाटे घेतलेल्या चाचण्यांच्या फरकातून दिसते.

दुसरे कारण हवेतले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच धरल्या जातात : १, ६ आणि ११. सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावे दिसतात. ती सगळी या तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बसलेली असतात. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, हा वायफायचा नियम आहे. त्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्याच्या परिसरात काम करतात. हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. परवानामुक्त याचा अर्थ कोणीही वापरावा, पण दुसऱ्याच्या अडथळ्यापासून संरक्षण मागू नये. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. तिथे वाहिन्या अधिक असल्याने गर्दी कमी असते. त्यामुळे टीव्ही आणि लॅपटॉप शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर, तर दूरच्या खोलीतली किरकोळ उपकरणे २.४ वर, ही विभागणी बऱ्याच घरांत लागू पडते.

राउटर कुठे ठेवावा?

जोडणी करणारा मुलगा जिथून फायबर आत येते तिथेच, म्हणजे दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे, राउटर ठोकून जातो. तारेची बचत होते, पण अर्धा सिग्नल जिन्यात जातो. लहरी अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात आणि वारंवारिता जितकी जास्त तितक्या भिंतींत अधिक अडतात. म्हणूनच ५ गिगाहर्ट्झ वेगवान असले तरी दोन भिंतींपलीकडे दम सोडते. काँक्रीटमधल्या सळया, लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी किंवा मासे ठेवलेली काचपेटी हे मोठे अडथळे. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर असावा. उभ्या अँटेनाचा सिग्नल मुख्यत्वे आडव्या दिशेने पसरतो. घर दुमजली असेल तर एखादी अँटेना आडवी करून पाहावी. जोडणीच्या दिवशीच दहा मीटर जादा तार मागून घेणे हा नव्या राउटरपेक्षा स्वस्त उपाय ठरतो.

एक्सटेंडर घ्यावा की मेश?

साधा एक्सटेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. परिणामी वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय तो ‘रेंज नाही’ अशाच खोलीत लावला, तर त्यालाच पुरेसे ऐकू येत नाही; तो मध्यावर हवा. मेश संचातली उपकरणे एकाच नावाने चालतात आणि फोन एकाकडून दुसऱ्याकडे सुपूर्द करतात, मात्र किंमत जास्त. या दोन्हींपेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे जुना राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून लावणे.

वीज जाण्याचा त्रास असलेल्या भागात आणखी एक सोय उपयोगी पडते. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि १० वॉटच्या आसपास वीज घेतात. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस पुरतो. खरेदीपूर्वी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहणे आवश्यक आहे.

पासवर्ड बदलणे एवढे महत्त्वाचे का?

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या साखळी बॉम्बस्फोटांपूर्वी पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या असुरक्षित वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले होते. ज्याचे वायफाय होते त्याचा कटाशी संबंध नसूनही चौकशीला सामोरे जावे लागले. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठ्या संकेतस्थळांची सेवा बंद पाडली. राउटरला दोन पासवर्ड असतात : एक वायफायचा, दुसरा सेटिंगमध्ये शिरण्याचा. बहुतेक जण पहिलाच बदलतात. दोन्ही बदलावेत, सुरक्षेसाठी ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ निवडावे आणि कंपनीकडून येणारे अपडेट टाळू नयेत.

दाद कुठे मागायची?

लाइनचा दोष असेल तर प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवे’च्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत जिल्हा आयोगाकडे तक्रारीसाठी शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

राउटर दुकानातून विकत घेतला असेल तर वॉरंटीची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्याची. कंपनीने दिलेला असेल तर तो दुरुस्त करणे किंवा बदलणे तिचे काम. त्यामुळे राउटर कोणाचा, अनामत किती, परत केल्याची पावती कुठे, हे कागद जपून ठेवायला हवेत. केबल जोडून घेतलेल्या चाचण्यांचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट सोबत असतील, तर ‘तुमच्या राउटरचाच दोष आहे’ हे उत्तर देणे कंपनीला सोपे जात नाही.