दुःखात सोबत कुणाची? ख्रिस्ती श्रद्धा आणि धीर

गेल्या व्याख्यानात आपण स्टोइक विचारवंतांचं दुःखाबद्दलचं म्हणणं पाहिलं. घटना माणसाला छळत नाही, घटनेबद्दलची त्याची समजूत छळते, तेव्हा समजूत बदला, असं एपिक्टेटस सांगतो. आज त्याच प्रश्नाकडे ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने पाहायचं आहे. आपल्या मीरा-भाईंदरला हा विषय परका नाही. उत्तन, डोंगरी, पाली, चौक या गावांत पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती कुटुंबं राहत आली आहेत. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत, हे मी जाणतो. पण दुखणं, मरण आणि एकटेपणा सगळ्यांच्याच घरी येतो, म्हणून हा विचार सगळ्यांनी ऐकण्यासारखा आहे.

दुःख आलं की माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, हे माझ्याच वाट्याला का? दुसरा, आता माझ्यासोबत कोण? तत्त्वज्ञानाने बहुतेक शक्ती पहिल्या प्रश्नावर खर्च केली. लायब्निझने 1710 साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे कर्मसिद्धान्त आहे. ही उत्तरं बुद्धीला पटू शकतात. पण परळला टाटा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रिपोर्टची वाट पाहत बसलेल्या बाईला त्यांचा कितपत उपयोग होतो?

सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाचं उदाहरण घ्या. 1940 साली त्याने वेदनेच्या समस्येवर पुस्तक लिहिलं, चांगलं तर्कशुद्ध. 1960 मध्ये त्याची पत्नी कॅन्सरने गेली. पुढच्याच वर्षी त्याने शोकाबद्दल दुसरं पुस्तक छापलं, तेही टोपणनावाने. त्यात सिद्धान्त जवळजवळ नाहीत. त्यात आहे ती देवाशी झालेली झटापट.

बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. त्याची मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी कारणमीमांसा सुरू केली: तू काहीतरी पाप केलं असशील, त्याशिवाय असं होणार नाही. गंमत बघा, शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. तक्रार करणाऱ्या ईयोबावर तसा रागावत नाही. म्हणजे दुःखात ओरडणं हा श्रद्धेचा अभाव नाही, हे त्या ग्रंथानेच मान्य केलं आहे.

आता येशूकडे या. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो पेत्र, याकोब आणि योहान यांना सांगतो की माझ्याबरोबर जागे राहा. तिघंही झोपी जातात. दुसऱ्या दिवशी क्रूसावर, देवाने आपल्याला का सोडलं, असा आक्रोश तो करतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथे आहे. ज्याला ही श्रद्धा देव मानते, त्याने स्वतः सोबत मागितली, त्याला ती मिळाली नाही, आणि त्याने एकटेपणाचा तळ पाहिला. त्यामुळे ख्रिस्ती माणूस म्हणतो, मी कितीही खोल गेलो तरी तिथे तो माझ्याआधी जाऊन आलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, सोबत मिळाली तरी वेदना तशीच राहते ना? हो, राहते. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या शरीरातल्या एका काट्याबद्दल सांगतो. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा गेला नाही. मिळालं ते एवढंच आश्वासन, की माझी कृपा तुला पुरेशी आहे. नव्या करारात सहनशीलतेसाठी जो ग्रीक शब्द येतो, ‘हुपोमोने’, त्याचा धात्वर्थ ‘खाली टिकून राहणं’ असा आहे. ओझ्याखालून न पळता टिकणं.

आपल्या मराठीत याहून सुंदर शब्द आहे: धीर. सहनशक्ती ज्याची त्याची असते. धीर मात्र धरता येतो आणि देताही येतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ख्रिस्ती अर्थाने सोसण्याचं बळ हे असं धीरासारखं आहे. ते आतून पिळून काढायचं नसतं, कुणाच्या तरी सोबतीने मिळतं.

हे नुसतं बोलणं वाटू नये म्हणून आपल्याच भाषेतल्या एका बाईंकडे पाहू. पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. विशीत विधवा, कडेवर लहान मुलगी मनोरमा. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅममध्ये, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा ख्रिस्ती भगिनी करत होत्या, ते त्यांनी पाहिलं. या असं का करतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. विहिरीवर एकटी आलेली ती बाई, आणि तिच्याशी आदराने बोलणारा येशू. म्हणजे रमाबाईंनी सोबत आधी पाहिली, सिद्धान्त मागून आला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बुद्धी गहाण टाकली नाही. न पटलेल्या मतांवर त्या चर्चच्या मंडळींशी वाद घालत राहिल्या.

इथे एक धोका सांगायला हवा. क्रूसाचं नाव घेऊन दुसऱ्याला, विशेषतः बायकांना, ‘सोस, हाच तुझा क्रूस’ असं सांगितलं जातं. नवरा मारतो, सोस. हा श्रद्धेचा गैरवापर आहे. रमाबाईंनी विधवांना सोसायला सांगितलं नाही, त्यांना बाहेर काढलं. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढे केडगावला मुक्ती सदन. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना ठाऊक होतं. अंध मुलींसाठीच्या घराला त्यांनी बार्तिमी सदन नाव दिलं, बायबलमधल्या आंधळ्या बार्तिमीवरून. जे दुःख टाळता येतं ते टाळायचं, दुसऱ्याचं तर नक्कीच. उरतं ते सोबतीने पेलायचं.

उरलंही. ऐकू कमी येणं तर त्यांना तरुणपणापासूनच होतं. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. रमाबाई त्या काळात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

उपवासकाळात चर्चमध्ये ‘क्रूसाची वाट’ ही भक्ती होते. तिची चौदा स्थानं असतात. पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलतो. तो शिष्य नव्हता, वाटेने चाललेला माणूस होता. शिपायांनी त्याला धरून कामाला लावलं. त्याने मरण टाळलं नाही, काही समजावलंही नाही. थोडं अंतर ओझं वाहिलं, बस्स.

आपल्या इमारतींत दार लावून एकटे राहणारे म्हातारे आहेत, केमोथेरपी घेणारे आहेत, मूल गमावलेले आईबाप आहेत. त्यांच्याकडे जाताना ‘का’चं उत्तर घेऊन जाऊ नका. डबा न्या, औषधं आणून द्या, रिक्षा करून हॉस्पिटलला सोबत जा. बोलायला काही सुचलं नाही तर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा आणि नुसतं शेजारी बसा. आणि आपल्यावर तशी वेळ आली, तर हाक मारायला लाजू नका. गेथशेमानेत येशूनेही हाक मारली होती.

आता आपण प्रश्नांकडे वळू.